पोत्याचा दोरा

लखीराम तांडा, ढाणकीजवळ
२२ जून २०२४

प्रिय सुरभी,

इकडे सगळं कुशल आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. पुढचं वाचलंस की खरं काय ते कळेल.

मंगळवारी आमच्या थांब्याच्या माळावर एक जीप आली. तीन पोरं आणि एक पोरगी. त्यांनी दिवसभर माळावरच्या दगडांवर पिवळ्या रंगाने आकडे घातले. एक ते तेवीस. सतरा नंबर कुठे घातला माहीत आहे? बैलाच्या दगडावर. आमचे लोक पाठीवर धान्य-मीठ लादलेले बैल घेऊन गावोगाव फिरायचे, त्या वेळची गोष्ट. तांड्याचा पुढचा बैल त्या माळावर बसला तो उठलाच नाही. त्याला तिथेच पुरलं, वर दगड ठेवला आणि माणसंही तिथेच थांबली. म्हणून थांब्याचा माळ. पोळ्याला आमचे बैल अजून आधी त्या दगडापाशी जातात, मग तांड्यात येतात. सासूबाईंनी आकडा रॉकेलने घासून पाहिला. जाईना.

मी त्या पोरीला विचारलं, "कोणासाठी मोजता गं?" ती म्हणाली, "सुरभी मॅडमला विचारा." कुठल्या सुरभी मॅडम? "यवतमाळला असतात. माहेर कळंबचं." म्हणजे तूच.

डी.एड.च्या वसतिगृहात आपल्या दोघींची पेटी एक होती. कुलूप एक आणि किल्ल्या दोन. तुझ्या कप्प्याला मी कधी विचारल्याशिवाय हात लावला नाही. तूही नाही. म्हणून हे जास्त लागलं.

फोन करत नाही, कारण आमच्याकडे रेंज फक्त पाण्याच्या टाकीखाली मिळते आणि टाकीखाली निम्मा तांडा बसलेला असतो. मी बोलेन एक, पसरेल दुसरंच. आत्ताच कोणी म्हणतं सोलरच्या पाट्या बसणार, कोणी म्हणतं वाघ आणून सोडणार. भीमराज नायकांनी तर वाघ नर का मादी तेही सांगून टाकलं.

मी हे लिहिते आहे आणि सासूबाई समोर बसून खताच्या रिकाम्या पोत्यांचे दोरे उसवून खिळ्याला गुंडाळताहेत. त्या म्हणतात, "शिकलेली पोरगी हाय थे. सरळ इचार ना तिले. कायले गोल गोल लिहून राह्यली?"

सरळ विचारते. आमचा माळ तू कोणाला देते आहेस?

तुझी,
रंजिता


यवतमाळ
३ जुलै २०२४

प्रिय रंजी,

'देते आहेस' हे वाचून जरा वेळ पत्र बाजूला ठेवलं. मी कोण देणारी? पण न सांगता माणसं पाठवली ही चूक माझी. बैलाच्या दगडाचं मला ठाऊक नव्हतं. तो आकडा मी स्वतः येऊन पुसेन.

काम काय ते सांगते. मी ज्या संस्थेत आहे तिच्याकडे जिल्ह्यातल्या मोकळ्या जमिनींची यादी करायचं काम आलं आहे. कुठे काय उरलं आहे आणि त्यातलं आधी काय राखायचं. मार्चमध्ये राजूरकडे गेले होते. खाणीतून काढलेल्या मातीचे डोंगर आणि कोळशाची काळी धूळ बसलेली बोरीची झाडं. तिथे यादीत लिहावं असं फार थोडं उरलं होतं. परत येताना मनात एकच होतं, बाकीच्या जागी तरी आपण वेळेवर पोचू.

एकतीस जागा आहेत. राखण करायला माणसं पाच जागांपुरतीच मिळणार. प्रत्येक जागेला शंभरपैकी गुण द्यायचे. वरच्या पाच राहतील. बाकीच्या कागदावर 'पडीक' आहेत तशाच राहतील, आणि पडीक म्हटलं की ती कोणीही मागू शकतं. सोलरवालेसुद्धा. म्हणजे माळ कोणाला द्यायचा नाही, यासाठीच हे चाललं आहे.

मला थोडी माहिती हवी आहे. माळावर जनावरं किती चरतात? गवत कोण कापतं, केव्हापासून? कोणी नांगर घातला आहे का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, तणमोर दिसतो का? पावसाळ्यात नर काळाभोर होतो आणि गवतातून सरळ वर उडी मारतो. मादी गवताच्याच रंगाची असते, जमिनीवरच अंडी घालते. तो एक जरी असला तरी तुमचा माळ पाचांत जाईल असं मला वाटतं.

तुझ्या सासूबाईंना, मानीबाईंना नमस्कार. तुझ्या लग्नात त्यांनी मला जबरदस्तीने दोन पुरणपोळ्या जास्त वाढल्या होत्या, अजून आठवतं.

तुझी,
सुरभी


लखीराम तांडा
१४ जुलै २०२४

प्रिय सुरभी,

तुझं पत्र एकदा मैत्रीण म्हणून वाचलं, तेव्हा बरं वाटलं. मग सासूबाईंना वाचून दाखवलं, तेव्हा तेच प्रश्न ठाण्यातल्यासारखे ऐकू आले. जनावरं किती, कापतं कोण, केव्हापासून.

जनावरं असतील साठ-सत्तर. गवत ज्याला लागतं तो कापतो. नांगर लागलेला नाही. तणमोर आमच्याकडे नाही.

पूर्वी होता. आठ वर्षांपूर्वी अंगणवाडीत दोन साहेब आले, गळ्यात हातभर लांब कॅमेरे. मी नवीन सेविका, शहरातल्या माणसांनी 'ताई' म्हटलं की फुलून यायची. मी त्यांना ओट्यावर उभी राहून हाताने जागा दाखवली. पुढच्या रविवारी सात गाड्या माळावर. गवतातून गाड्या फिरवल्या, नर उडावा म्हणून हॉर्न वाजवले. त्यानंतर दोन पावसाळे एक पाखरू उतरलं नाही. सासूबाई नुसतं माझ्या हाताकडे पाहायच्या.

तेव्हापासून आमच्याकडे तणमोर नाही. तसंच लिही.

ऑगस्टमध्ये तीज आहे. पोरी टोपल्यांत गहू पेरतील, नऊ दिवस गाणी चालतील. तू कधीची येते येते म्हणतेस. ये. कागद न घेता ये.

रंजिता


यवतमाळ
९ ऑगस्ट २०२४

रंजिता,

मंगळवारी आणि बुधवारी मी माळावर आले होते. तांड्यात आले नाही. सोबत माणसं होती, वेळ कमी होता, असं लिहिता येईल. पण तसं नव्हतं.

ओढ्याकडच्या टोकाला दोन एकरभर सोयाबीन आहे, गुडघ्याइतकं वाढलेलं. गेल्या वर्षीच्या उपग्रहाच्या चित्रात तिथे गवत दिसतं. नांगर लागलेला नाही असं तू लिहिलं होतंस. कोणाचं पीक आहे?

आणखी एक, सहजच विचारते. तुझ्या सासूबाई पोत्यांचे दोरे कशासाठी जमवतात?

तिजेला यायला जमेलसं वाटत नाही.

सुरभी

ता. क. सतरा नंबर पुसला. दगडाला जरासा ओरखडा आला आहे.


लखीराम तांडा
२४ ऑगस्ट २०२४

सुरभी,

'सहजच' विचारलंस. त्याचं उत्तर सहज मिळावं म्हणून लिहिते.

बुधवारी वनखात्याचे चार गार्ड आले. आम्ही नऊ जणी माळावर गवत कापत होतो. त्यांनी सात विळे घेतले. दोघी ओढ्यात लपल्या म्हणून दोन राहिले. मग घरात येऊन त्यांनी सासूबाईंचा दोऱ्याचा गुंडा उचलला. खिळ्यासकट. त्यांच्या साहेबांच्या मोबाइलमध्ये फोटो होते, गवतात बांधलेल्या दोऱ्यांचे. नऊ फोटो. "म्हातारे, किती पाखरं धरली आजवर? कुठे विकतेस?" सासूबाईंना गाडीत घालून नेलं आणि सकाळी दहा ते संध्याकाळी पाच त्यांच्या ऑफिसात बाकावर बसवलं. चहा दिला, खोटं कशाला बोलू. त्या प्याल्या नाहीत.

संध्याकाळी घरी आल्या, पाय धुतले आणि मला म्हणाल्या, "माह्या आज्याले दर आठवड्याले चौकीवर हजेरी द्या लागे. मले वाटलं थे दिवस गेले." इंग्रजांनी आमची जातच चोर म्हणून कागदावर लिहिली होती, तेव्हाचं ते.

पोत्याच्या दोऱ्याचं मी आयुष्यात फक्त एका माणसाला लिहिलं होतं.

ते दोरे कशाचे, हे आता तुला सांगणार नाही. तू आधीच ठरवलं आहेस. दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही माळावर गेलो आणि सगळे सोडून टाकले, म्हणजे पुन्हा कोणाला फोटो काढायला नको. तुमच्या फोटोंत नऊ होते. आम्ही अकरा सोडले. घे, तेही लिहून घे.

तीज चालू आहे. टोपल्यांतला गहू वीतभर झाला. सासूबाई गाण्याला बसल्या नाहीत.

रंजिता


यवतमाळ
३० ऑगस्ट २०२४

रंजी,

हो. मी लिहिलं.

अहवालात 'शिकार' असा एक रकाना आहे. त्यात लिहिलं, 'नायलॉनच्या दोऱ्याचे फास, नऊ ठिकाणी.' वनखात्याच्या साहेबांनी विचारलं, "कोणाचे असावेत?" मी म्हटलं, "तांड्यात एक बाई असे दोरे जमवतात असं ऐकलं आहे." ऐकलं आहे, असं म्हटलं. तुझ्या पत्रात वाचलं असं म्हणायचं धाडस झालं नाही.

मला प्रशिक्षणात फास दाखवले होते. गवतात, जमिनीपासून हातभर वर, गाठ मारलेला दोरा. माळावर अगदी तसेच दिसले. आणि त्याच सकाळी मी नर पाहिला, रंजी. सहा वेळा उडी मारली त्याने. तू नाही म्हणाली होतीस आणि तो होता. नांगर नाही म्हणाली होतीस आणि सोयाबीन होतं. मग मला वाटलं, तिसरंही काही लपवत असशील.

गेल्या रविवारी कळंबला भावाकडे, रजतकडे गेले होते. त्याच्या गोठ्यात खुंटीला असाच दोऱ्याचा गुंडा होता. मी विचारलं, "हा कशाला रे?" तो म्हणाला, "लागतो कशालाही. भेंडीची जुडी बांधायला, फाटकाला." मला पुढचं काही विचारावंसं वाटलं नाही. बसमध्ये बसल्यावर मात्र उमजलं. त्याचं उत्तर मला पुरलं. तुझ्या सासूबाईंना तर मी विचारलंही नव्हतं.

मला सांगावंसं वाटलं तर सांग. आता मी कुठल्या तोंडाने मागू?

सुरभी


लखीराम तांडा
१९ सप्टेंबर २०२४

सुरभी,

लिहिणार नव्हते. सासूबाईंनी लिहायला लावलं.

विळे गेले, माळावर आम्हाला बंदी झाली. पोळ्याला बैल तेवढे दगडापाशी जाऊ दिले. त्यानंतर चौथ्या दिवशी ट्रॅक्टर आला. कुठल्या तरी गोशाळेसाठी गवत न्यायची चिठ्ठी त्यांच्याकडे होती. खांद्याला लावून फिरवायची यंत्रं घेतलेले पाच जण. आम्ही हद्दीच्या बांधावर उभ्या होतो, आत जायची सोय नव्हती. यंत्र कसं चालतं पाहिलंस का? आम्ही नऊ जणी दिवसभरात जेवढं कापतो तेवढं त्यांनी चहाच्या आधी कापलं.

त्यातला एक जण आमच्या आठव्या गाठीच्या जागेकडे निघाला. मी बांधावरून ओरडले, "भाऊ, थांबा! तिथे अंडी आहेत!" त्याने कानावरचं काढलं. "काय म्हणता ताई?" आणि हात फिरतच होता. मादी एका बाजूने निसटून गेली. तीन अंडी होती. त्याने यंत्र बंद केलं, खाली वाकून पाहिलं आणि खरंच वाईट तोंड केलं. म्हणाला, "मी काय मुद्दाम कापलं का ताई? खूण करून ठेवायची ना."

खूण करून ठेवायची ना. तेव्हापासून हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणून आता सांगते.

गवत कापताना पाखराचं बसायचं ठिकाण दिसलं की आमच्या बायका चार बाजूंचं गवत वर ओढून शेंड्याला गाठ मारतात. झोपडीसारखं. पूर्वी गवताचीच गाठ असायची. ती वाऱ्याने सुटते म्हणून सासूबाईंनी पोत्याचा पांढरा दोरा आणला. लांबून दिसतो, शेजारच्या पातीवरची बाई चार हात सोडून विळा घालते. गुरं वळायची झाली तरी दोरा पाहून वळवतात. गाठ जिने मारली तीच सोडते, पिलं निघून गेल्यावर. मधे कोणी ठिकाणाचं नावही घेत नाही. आणि त्या सात गाड्यांनंतर कोर माणसाला, म्हणजे तांड्याबाहेरच्याला, सांगायचं नाही असं आमचं ठरलं. म्हणून मी नाही म्हणाले. एकदा हाताने दाखवून पस्तावले होते.

आणि सोयाबीन आमचं आहे. ह्यांनी, धनसिंगांनी, उन्हाळ्यात दोन एकर मोडलं. "कागदावर पडीकच तर आहे," म्हणाले. मी अडवलं नाही. तुझी जीप आली तेव्हा मला पहिल्यांदा पाखरू नाही आठवलं, सोयाबीन आठवलं. वाटलं, तू त्यासाठीच आलीस. माझं लपवायचं होतं म्हणून तुझं प्रत्येक अक्षर मला खोटं वाटत होतं.

गाठी तुझ्यामुळे सुटल्या, पण सोडल्या आम्हीच. 'सोडा सगळ्या' म्हणणारी मी होते. सासूबाई नको म्हणत होत्या.

सोबत कापसात गुंडाळून टरफलाचा एक तुकडा पाठवते आहे. त्याचं काय करायचं ते तू ठरव.

रंजिता


यवतमाळ
११ ऑक्टोबर २०२४

रंजी,

टरफल फुटलं नाही. मिळालं.

ते घेऊन मी आमचे प्रमुख पुंडलिकराव यांच्याकडे गेले. जुना अहवाल मागे घेतला, नवीन दिला. त्यात लिहिलं आहे, 'पूर्वी नोंदवलेले फास हे फास नसून अंड्यांच्या जागेच्या खुणा आहेत. नोंद चुकीची होती. चूक माझी.' खाली सही. त्यांनी दोनदा वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहत म्हणाले, "मॅडम, बाई मैत्रिणीची सासू निघाली म्हणून फासाची गाठ झाली का?" मी टरफल टेबलावर ठेवलं. ते म्हणाले, "हे कुठूनही आणता येतं." मला राग आला, मग वाटलं, मी मानीबाईंशी याहून वेगळं काय केलं होतं?

त्यांनी दुसरा माणूस पाठवून गोशाळेच्या मजुराला गाठलं. त्याने सगळं सांगितलं, अगदी तुझ्या ओरडण्यासकट. मग कुठे मान्य झालं. मला मात्र फिरतीवरून काढून ऑफिसात बसवलं आहे.

विळे परत करा आणि मानीबाईंवरची नोंद काढा, असं पत्र गेलं आहे. त्याची नक्कल सोबत आहे.

आता खरी अडचण. 'मानवी हस्तक्षेप' नावाचा रकाना आहे. गाई, विळे, बायका, सगळ्याला त्यात वजा गुण. त्यामुळे थांब्याचा माळ सहाव्या नंबरवर आला. मी भांडले. म्हटलं, गाई चरतात आणि बायका कापतात म्हणूनच ते गवत पाखराला उडी मारता येईल इतकं राहतं, नाहीतर तिथे बाभूळबन झालं असतं. शेवटी त्यांनी एक तोडगा काढला. माळ पहिल्या पाचांत घ्यायचा, पण चारी बाजूंनी तारेचं कुंपण, चराई बंद, विळा बंद.

ही मान्यता मी तांड्याला न विचारता देऊ शकत नाही. एकदा न विचारता करून पाहिलं. तुमचं म्हणणं लिहून पाठवा, तेच मी मांडेन. सहावाच राहिला तर माळ कोणी ना कोणी मागून घेईल, हेही लपवत नाही.

आणि दोन एकर सोयाबीन मला लिहावं लागेल. तेवढं गाळलं तर बाकीच्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही.

गाठींबद्दल लिहिलं आहे. जागा लिहिलेल्या नाहीत. विचारल्या होत्या.

सुरभी


लखीराम तांडा
८ नोव्हेंबर २०२४

सुरभी,

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात विळे आले. सात नेले होते, सहा आले. सासूबाईंचा नाही. "हरवला असेल," म्हणाले. त्याची मूठ त्यांच्या हाताने झिजलेली होती, दुसऱ्या कोणाच्या हाताला बसायची नाही.

तुझं पत्र मी तांड्याच्या बैठकीत वाचलं. सगळं. 'चूक माझी' हेही. भीमराज नायक म्हणाले, "रंजिता, तुही मैत्रीण आली की आधी गाई मोजते, मंग गवत मोजते. मानसं कवा मोजते ते इचार तिले." सगळे हसले. मग कोणी म्हणालं, तार तर तार, निदान सोलर तरी येणार नाही. कोणी म्हणालं, तारेच्या आत काय होईल कोण पाहणार? बरंच चाललं. सासूबाई कोपऱ्यातून म्हणाल्या, "तार लावा. दोन सालात गवत माणसाएवढं माजन. मंग पाखरू उडी मारन तं दिसन कोनाले? मादीनं पाह्याले पायजे ना त्याले!" बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या, नायकही हसले, आणि ठरलं. तार नको. विळा चालेल, यंत्र चालणार नाही. गाठ दिसली की चार हात सोडायचे, हा नियम लिहून द्यायला तांडा तयार आहे. खाली एकेचाळीस सह्या आणि अंगठे आहेत. सोबत जोडलं आहे.

दोन एकर लिही. नाव पण लिही, धनसिंग लखीराम. सोयाबीन काढलं. हरभरा टाकायचा होता, टाकला नाही. अकरा दिवस हे माझ्याशी बोलत नव्हते. बाराव्या दिवशी म्हणाले, "भाजीत मीठ नाही." तेवढ्यावर भागवलं.

माझा तुझ्यावर पुन्हा विश्वास बसला असं लिहिणार नाही. तुझं पत्र आलं की अजून आधी शेवट वाचते, काही मागितलं आहे का ते पाहते, मग वरून सुरू करते. खोटं लिहायचं नाही असं ठरवलं आहे म्हणून हेही लिहिलं.

रंजिता


यवतमाळ
१७ मार्च २०२५

रंजी,

तू शेवट आधी वाचतेस म्हणून सांगते, शेवटी काही मागितलेलं नाही.

यादी झाली. थांब्याचा माळ पाचव्या नंबरवर आहे. तार नाही. विळा आणि चराई चालू, यंत्र बंद, नांगर बंद. हे तीन वर्षांसाठी आहे, मग पुन्हा पाहतील. मला कायमचं हवं होतं, एवढंच मिळालं. सहाव्या नंबरवर घाटाकडचं एक तळं गेलं. तेही मी पाहिलेलं आहे. त्याच्या काठी कोणी पत्र लिहिणारी मैत्रीण नव्हती, हे मनातून जात नाही.

मानीबाईंचा विळा मी तीन वेळा जाऊन शोधला. मिळाला नाही. कळंबच्या लोहाराकडून एक नवीन करून घेतला आहे, सोबत पाठवते. त्याची मूठ कोणाच्याच हाताची नाही. त्यांना नको असेल तर ठेवून दे.

सुरभी


लखीराम तांडा
२० जुलै २०२५

प्रिय सुरभी,

विळा चार महिने कुडाला टांगलेला होता. सासूबाईंनी हात लावला नाही. परवा कापायला निघालो तर त्यांनी तो काढला, अंगठ्याने धार पाहिली आणि म्हणाल्या, "कळंबच्या लोहाराले धार लावता येत नाही. तुह्या मैत्रिणीले फसवलं त्यानं." मग ओढ्यातल्या दगडावर अर्धा तास घासत बसल्या.

ह्यांच्या दोन एकरांत यंदा नुसतं तण आहे. सासूबाई म्हणतात चांगलं गवत यायला चार-पाच पावसाळे लागतील. बांधावरून जाताना हे तिकडे पाहत नाहीत.

काल पहिली गाठ मारली. दोरा या वर्षीच्या पोत्याचा. कुठे ते लिहीत नाही. कागदावर कधीच लिहिणार नाही, तुलाही नाही.

पण तीज पुढच्या महिन्यात आहे. आम्ही ओळीने कापतो, प्रत्येकीची पात ठरलेली असते. माझ्या डाव्या हाताची पात गेल्या वर्षीपासून रिकामी आहे, सासूबाईंना आता पूर्ण दिवस होत नाही. विळा इथेच आहे. ये, ती पात धर. गाठ तुझ्या वाटेत आली, तर तुला दिसेलच. चार हात सोडून काप.

तुझी,
रंजी